गिझरचा थेंब

"हॅलो? … जय भीम, अण्णा. … हो, झाला नाष्टा. … पोहे. … न्हाई, जेवण आता कुठं, सव्वानऊ वाजले. … कामावरच हाये. बोला ना."

प्रितमनं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि हातातला पाईप पुन्हा सांध्यात बसवायला घेतला. जालन्यातल्या एका नव्या तीनमजली इमारतीच्या गच्चीवर तो टाक्यांची जोडणी करत होता. वडलांचा, अण्णांचा फोन म्हणजे दहा मिनिटं गेली, हे त्याला पाठ होतं. अप्पाराव मास्तरांना शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांचा तास काही सुटत नव्हता. आधी हजेरी, मग मागच्या धड्याची उजळणी, मग नवा धडा. पोरगा डी.एड. होऊन भरतीची वाट बघून थकला आणि प्लंबर झाला, ही गोष्ट मास्तरांनी गावात, आष्टीत, अजून कुणाला धड सांगितलेली नव्हती. कुणी विचारलंच तर 'इंजिनिअरच्या हाताखाली आहे' म्हणत.

"बाळ कसं हाये? … झोपलं का रातच्याला? … आणि सुमी? … बरं. … बरं, बरं. …"

सुमी म्हणजे सुमेधा, त्याची धाकटी बहीण. बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ सतरा दिवसांचं. तिच्याचसाठी तर प्रितमनं घरी गिझर बसवला होता. एका गिऱ्हाइकानं सोलर घेतलं आणि जुना गिझर 'घेऊन जा बाबा' म्हणून त्याला देऊन टाकला. त्यानं तो घासूनपुसून, नवे पाईप टाकून, न्हाणीच्या भिंतीवर टांगला. घरी सांगितलं, जवळजवळ नवाच आहे. 'जवळजवळ' हा शब्द त्यानं जरा हळूच म्हटला होता.

"काय? … थेंब? … थांबला? … वा. मी म्हणलं न्हवतं का, थांबल म्हणून. …"

हे तो बोलून गेला आणि त्याचाच हात थांबला. कारण तो थेंब थांबत नसतो.

पाणी तापलं की फुगतं. फुगलेलं पाणी जायला वाट म्हणून गिझरच्या बाजूला एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याच्या भोकातून थेंब थेंब गळत राहतं. हे प्लंबरकीतलं पहिलीच्या वर्गातलं ज्ञान. पण मास्तरांच्या गल्लीत नळ येतो दहा-दहा दिवसांनी. त्या घरात भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं आणि कपड्यांचं पाणी अंगणात. गिझर बसवला त्याच दिवशी मास्तरांनी भोकाखाली स्टीलचा पेला ठेवला, मग तांब्या, मग बादली, आणि दुसऱ्या दिवशी आकडा जाहीर केला, दीड लिटर. मास्तरच्या पोरानं बसवलेली वस्तू आणि ती गळते? प्रितमला जालन्याची गाडी गाठायची होती. तो म्हणाला, नवीन जोडणी आहे अण्णा, दोन-चार दिवसांत थांबेल. एक तास चुकवायला मारलेली थाप.

"थांबला म्हणजे… आपोआप थांबला का, अण्णा? … तुम्ही? … तुम्ही काय केलं? …"

मास्तर रंगात आले होते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, स्क्रूला गुंडाळला, स्क्रू त्या भोकात पिळून पिळून बसवला. वरून ते गळती बुजवायचं दोन रंगांचं सील मळून थापलं. काल संध्याकाळपासून एक थेंब पडला असेल तर शपथ. तुझ्या त्या जालन्याच्या साहेबाला सांग म्हणाले, मास्तर अजून म्हातारा झाला नाही.

"अण्णा… सील पक्कं बसलं का? … दगडासारखं. … हं. … गिझर चालू केला का मंग त्याच्यानंतर? … कधी? …"

तो गच्चीच्या कठड्याला टेकला. हातातला पाईप त्यानं खाली ठेवला.

"दिवा? कोणता? … लाल. … जात न्हाई म्हणजे? … लाइट किती वाजता आली तिकडं? … आठला. … आणि तवापासून दिवा तसाच हाये? … तवापासून?"

मास्तरांचा फोन खरा त्यासाठीच होता. पोरानंच सांगितलं होतं, लाल दिवा जाईपर्यंत नळ सोडायचा नाही, दिवा गेला की समजायचं पाणी तापलं. मास्तर नियमाला पक्के. सव्वा तास झाला, दिवा जात नाही, म्हणून त्यांनी कुणाला नळाला हात लावू दिला नव्हता. तुझ्या या गिझरात काही खोट आहे का रे, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

खोट होती. पाणी तापलं की वीज तोडणारा आतला थर्मोस्टॅट जळला होता किंवा चिकटला होता. जुन्या गिझरचं तेच होतं, आणि गिऱ्हाइकाकडच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं तर हमखास होतं. तसं झालं तर निदान सेफ्टी व्हॉल्व्ह आहेच, या भरवशावर प्रितमनं तो गिझर आपल्या घरात टांगला होता. आता आत पंधरा लिटर पाणी खदखदत होतं आणि बाहेर यायची एकुलती वाट मास्तरांनी सायकलच्या ट्यूबनं बुजवली होती.

"अण्णा, ऐका. … ऐका ना. … आई कुठं हाये? … न्हाणीत? … बाळाला घेऊन?"

कांताबाई न्हाणीत पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. पायांवर तेल लावलेलं बाळ, एका हाताला गार पाण्याची बादली. डोक्यावर गिझर. दिव्याची वाट बघत होत्या. सुमेधा टॉवेल घेऊन तिथंच उभी होती.

"त्यांना बाहेर काढा. … आत्ता. … अण्णा, बाळाला बाहेर काढा आधी. … न्हाई, नळ सोडायचा न्हाई. बिलकुल न्हाई. वाफ येईल तोंडावर. … अंघोळ राहू द्या हो. … तेल लावलंय तर लावलंय. … सर्दी झाली तर होऊ द्या, मी दवाखान्यात नेतो. … मी घाबरवून न्हाई राह्यलो तुम्हाला. … मंग सांगतो कारण, आधी बाहेर…"

पण मास्तरांनी उभ्या जन्मात कारण न विचारता काही केलं नव्हतं आणि वर्गातल्या पोरांनाही कधी करू दिलं नव्हतं. 'का' हा शब्द त्यांचा फार लाडका. घोकंपट्टीचा त्यांना तिटकारा होता. आष्टीतली चाळीस-चाळीस वर्षांची माणसं अजून सांगतात, मास्तर पाढासुद्धा का ते सांगून शिकवायचे. आणि आज ते न्हाणीच्या दारात उभं राहून पोराला विचारत होते, का?

"कुकर बघितला ना तुम्ही? … आईचा कुकर. … त्याला शिट्टी असती. शिट्टी कामून असती? … बराबर. वाफ जायला. … ती शिट्टी कुणी सीलनं बुजवून टाकली आणि गॅस मोठा ठेवला, तर? … हां. … अण्णा, तो थेंब म्हणजे शिट्टी हाये गिझरची. … हो. … हो, तीच तुम्ही बुजवली. …"

 प्रितमला वाटलं, चला, समजलं. पण मास्तर अडले होते ते वेगळ्याच गोष्टीवर. शिट्टी जर होती, तर ती दोन-चार दिवसांत बंद कशी होणार होती? तूच म्हणाला होतास, आपोआप थांबेल.

"मी खोटं बोललो, अण्णा."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं बापापुढं उच्चारलं नव्हतं. शाळेत असताना छडीच्या भीतीनंही नाही.

"मला माहीत होतं, थांबणार न्हाई. … हो, माहीत होतं. … तुमचं बोलणं नको म्हणून बोललो. … गिझर बी जुना हाये. काढून टाकलेला. … मला काय म्हणायचं ते मंग म्हणा, पाया पडतो, पण त्यांना बाहेर काढा. अण्णा, फुटल त्यो."

 चपलांचा आवाज आला. मग लांबून कांताबाईंची कुरकुर, बाळाचं किरकिरणं.

"न्हाणीतल्या बटनाला हात लावू नका. … आत जाऊच नका. व्हरांड्यात मेन हाये ना, तो पाडा. … पाडला? … पंखा बंद झाला का बघा. … झाला. बरं. … आता सगळे अंगणात. भिंतीपाशी नको, पार तिकडं, फाटकापाशी. … आई आली? … बाळ आईपाशीच? … सुमी? … तिला द्या बरं फोन. तिला द्या म्हणलं. …"

तो एव्हाना जिन्यात आला होता. पाने, करवत, पाईप, सगळं गच्चीवर तसंच. मोटारसायकलची किल्ली खिशात आहे की नाही हे तो चाचपत होता. आष्टी गाठायला दीड तास, किती हाणली तरी.

"सुमे, नीट ऐक. मेन पाडला तरी आत वाफ हाये. दोन-तीन घंटे कुणी न्हाणीकडं जायचं न्हाई. थंड होऊ द्यायचं. … आवाज येतो का? … कसला? … घुमल्यासारखा. … हां, येणार. तू बाळापाशी बस. … आई ओरडू दे, काय ओरडायचं ते. … अण्णा काय करून राह्यले? … काय शोधतात? … पाना? कोणता पाना?"

त्याचे पाय जिन्यातच थांबले.

मास्तरांनी कोनाड्यातून जुना पाना काढला होता. सील फोडून स्क्रू काढतो म्हणाले. प्रितमला त्यात नवल वाटलं नाही, आणि म्हणूनच तो हादरला. मास्तरांच्या वर्गात एक नियम होता, चूक ज्याची त्यानं खोडायची. मास्तरांनी नाही, मॉनिटरनं नाही, शेजारच्या पोरानं तर नाहीच. फळ्यावर चुकलेलं गणित ज्याचं, त्यानंच उठून पुसायचं. थेंब त्यांनी बुजवला होता, तेव्हा मोकळाही तेच करणार.

"त्यांना फोन दे. … घेत न्हाईत? … सुमे, तो स्क्रू ढिला झाला की उकळतं पाणी तोंडावर येतं. तोंड ऱ्हात न्हाई. … स्पीकरवर टाक. टाकला? … अण्णा, पाना खाली ठेवा. … अण्णा. … ते काम तुमचं न्हाई, माझं हाये, मला येतं ते. … अण्णा, मी येतो ना, मी काढतो. … सुमे, धर त्यांना. … टाके दुखतात? … मंग तू राहू दे, आईला म्हण हात धर. … गेले? … आत गेले? … किती लांब हायेत? … अण्णा. … अण्णा, ऐका हो. …"

 विनवण्या संपल्या, कारणं संपली, पाया पडून झालं. पाना घेतलेला म्हातारा माणूस स्वयंपाकघर ओलांडून न्हाणीच्या दाराकडं चालला होता आणि पोराच्या हातात फोनशिवाय काही नव्हतं.

"अप्पाराव! … ए अप्पाराव, थांब तिथंच!"

जिन्याखाली वाळू चाळणारी बाई वर बघायला लागली. प्रितमला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. बापाचं नाव. आई सुद्धा कधी घेत नव्हती. शाळेच्या अर्जावर लिहिताना सुद्धा तो पुढं 'राव' आहे म्हणून बरं, असं मनात म्हणायचा.

"थांबले? … वळले? … काय म्हणतात? … सुमे, काय म्हणतात ते?"

आणि फोनमध्ये काहीतरी आदळलं. एकदाच. त्यानंतर नुसती खरखर.

"हॅलो? … हॅलो? … सुमे? … हॅलो. … अण्णा? … सुमे, बोल ना गं. … हॅलो. … आई. … कुणीतरी बोला. … हॅलो, हॅलो…"

फोन कापला गेलेला नव्हता. पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते. त्यानं ते मोजले नाहीत, पण त्या सेकंदांत त्यानं आपल्या घरातल्या चार माणसांना एकेक करून मारलं आणि एकेक करून जिवंत केलं. कुणाला आधी वाचवायचं हेही त्याचं त्यालाच ठरवावं लागत होतं. गिऱ्हाइकानं फुकट दिलेली वस्तू. घेतलीच कशाला? बसवली तर बसवली, खरं बोलायला काय जात होतं?

"हॅलो? … सुमे? … रडू नको, आधी सांग. … बाळ? … रडतंय ते बाळच ना? … आई? … आणि… … उभे हायेत? … उभे हायेत म्हणजे, लागलं का कुठं? … हातपाय बघ त्यांचे. चेहरा बघ. … बघ नीट. … काहीच न्हाई? … खरं सांगतेस ना, सुमे?"

गिझर भिंतीवरून सुटून समोरच्या भिंतीवर गेला होता. फरशांचा चुरा झाला, न्हाणीचं दार बिजागरीतून निघून मधोमध चिरलं. कांताबाई बसल्या होत्या त्या पाटाचे दोन तुकडे. वाफ अंगणापर्यंत आली. तुटलेल्या पाईपातून गच्चीवरची अख्खी टाकी न्हाणीत रिकामी होत होती, कालच भरलेली. सुमेधा रडत रडत पाण्याचंच सांगत होती, दहा दिवसांचं पाणी गेलं दादा, म्हणत होती.

"जाऊ दे. … जाऊ दे गं. … अण्णा बघत न्हाईत का पाण्याकडं? … नुसते उभे हायेत. … त्यांना बसव. पाणी पाज. … दे फोन. … कानाला लाव त्यांच्या, हातात नको देऊ."

तो तळमजल्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. 

"अण्णा? … हो, मीच. … हो, मीच घेतलं तुमचं नाव. … अण्णा म्हणून किती हाका मारल्या, तुम्ही थांबले न्हाईत. … आल्यावर मारा. …"

मास्तरांनी मग त्याला खरं काय झालं ते सांगितलं, सपाट आवाजात, इन्स्पेक्टरला पटसंख्या सांगावी तसं. ते त्याचं ऐकून थांबलेच नव्हते. राग आला म्हणून थांबले. आपल्या घरात आपल्याला अरेतुरे करणारा हा कोण, ते विचारायला वळले आणि चार पावलं अंगणाकडं परत आले. तोंडातून 'कोण रे' एवढंच गेलं होतं. मागं न्हाणी गेली. दार उघडायला हात पुढं केलाच होता, म्हणाले.

प्रितमला रडू फुटलं. त्यानं ते लपवलं नाही. तिकडं मास्तरही थांबून थांबून बोलत होते, आणि ते त्यांच्या जुन्या दम्यामुळं नव्हतं.

"येतो. … निघालोच. … न्हाई, हळूच चालवीन. … काय? … सांगतो ना. … म्हणजे? … कागद कशाला?"

मास्तरांनी सुमेधाकडून वही आणि पेन मागून घेतलं होतं. आता पुढं काय करायचं आणि काय करायचं नाही, ते तू सांग, मी लिहून घेतो, म्हणाले. चौतीस वर्षं दुसऱ्यांना लिहायला सांगणारा माणूस. प्रितमला आधी वाटलं, टोमणा आहे. मग पानाचा आवाज आला.

"बरं. … घ्या. पहिलं, न्हाणीत कुणी जायचं न्हाई, मी येईस्तोवर. … झालं? … दुसरं, मेन वर करायचा न्हाई. कुणी म्हणलं तरी न्हाई. … हो, मोबाइल बी चार्ज करायचा न्हाई. … तिसरं…"

तिसरं सांगायला त्याला जरा वेळ लागला. मास्तर थांबून होते. घाई करत नव्हते, 'का' विचारत नव्हते.

"तिसरं, नवा गिझर आणला तरी थेंब पडणार. … हो. … दोन दिवसांनी बी, वरसानं बी. कधीच थांबत न्हाई. थांबला तर मला फोन करायचा. … लिहिलं? … सगळं? … वाचून दाखवा बरं, अण्णा."

पलीकडून मास्तर वाचायला लागले. एकेक ओळ, हळू, नीट उच्चार करून. प्रितमनं तिन्ही ओळी ऐकून घेतल्या.

"बराबर हाये. … हो. ठेवतो."